रिकाम्या काडतूस-पेट्यांची खोली

घरातल्या माणसाला शिंक येणार असेल तर त्याने ती अंगणात जाऊन द्यावी, असा नियम ज्या घरात होतो त्या घराची सांस्कृतिक पातळी उंचावली, असं समजायला हरकत नाही. मोठीआईच्या घराची पातळी अशी गेली काही वर्षं एकसारखी उंचावत होती. तिची तक्रार एवढीच होती, की नियम तिला विचारून केलेला नव्हता. तो थोरल्याने केला होता.

थोरला म्हणजे तिचा मोठा मुलगा. विमा कंपनीत होता, नुकसानभरपाईचे अर्ज नाकारण्याच्या विभागात. कामात इतका वाकबगार, की घरीसुद्धा कुणी काही मागितलं तर तो आधी कारणासकट नकार द्यायचा आणि मग काय मागितलं ते विचारायचा. त्याने तळमजल्यावरच्या खोलीच्या दारावर सूचना लावली होती : आत शिंकू नये, खोकू नये, ओले केस घेऊन येऊ नये, रडणं शक्यतो टाळावं. मोठीआईची शाळा अक्षरओळखीपाशीच संपली होती, म्हणून सूचना तिला सुनेने वाचून दाखवली. मोठीआई म्हणाली, शेवटचं कलम तुझ्यासाठी दिसतंय, बाकीची माझ्यासाठी. सून हसली, पण दारापासून लांब जाऊन. (हसण्यानेही हवेत बाष्प सुटतं, अशी पुरवणी पुढच्या आठवड्यात लागली.)

मोठीआई हे तिचं नाव नव्हे. सगळी गल्ली तिला मोठीआई म्हणायची, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. कारण तिने एकदा कुणाला सुनावलं, की तो माणूस जागच्या जागी लहान व्हायचा. थोरल्यावर मात्र हा उपाय चालेनासा झाला होता. थोरल्याला ज्ञान झालं होतं.

त्या खोलीत खोकी होती. पुठ्ठ्याची, रिकामी, विटेएवढी. एके काळी त्यांतून छऱ्याच्या बंदुकीची काडतुसं विकायला यायची. आता काडतुसं नव्हती, बंदूक नव्हती, शिकार नव्हती, आणि थोरल्याचं म्हणाल तर रस्त्यात एखाद्या गाडीचा टायर फुटला तरी तो मटकन खाली बसायचा. पण छंदाला शौर्य लागत नाही, कपाट लागतं. कपाटं चार भिंतींना लागली होती आणि पाचवी भिंत नसल्याचं थोरल्याला मनापासून वाईट वाटायचं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, रिकाम्या खोक्यात बघायचं काय? अशा माणसांची कीव करावी. बघायचं ते बदल. कंपनी वर्षानुवर्षं तीच काडतुसं करत आली, पण खोकं मात्र गुपचूप बदलत राहिली, आणि हे गुपित फोडण्यासाठी काही थोर माणसांनी आयुष्यं वेचली आहेत. आधी झाकण वेगळं असायचं, बुटाच्या खोक्यासारखं. मग ते पाठीशी जोडलेलं आलं. लेबलावरचा लाल रंग आधी टोमॅटोसारखा, मग विटेसारखा, आणि मधल्या काही महिन्यांत साहेबाने झापलेल्या कारकुनाच्या कानासारखा. पत्त्यातल्या रस्त्याचं नाव दोनदा बदललं. पुढे केव्हातरी ‘लहान मुलांपासून दूर ठेवावे’ अशी ओळ आली. ही ओळ आली आणि सुवर्णकाळ संपला, असं जाणकार मानतात. तिच्यानंतरची खोकी सभ्य घरांत ठेवत नाहीत.

आणि बदकं. लेबलावर बदकांचा थवा उडतो. जुन्या खोक्यांवर बदकं सहा आहेत, नंतरच्यांवर पाच. सहावं बदक छपाईच्या ठशाला तडा गेल्यामुळे गेलं की चित्रकाराने ते पडलेलं दाखवलं, यावरून जाणकारांत दोन तट आहेत. एकमेकांच्या घरी ते पाणीसुद्धा पीत नाहीत. (दमट हवेच्या भीतीने तसंही कुणी देत नाही.)

या सगळ्या कार्याला एक संस्था होती : रिकामी काडतूस-पेटी संशोधन व संवर्धन मंडळ. मंडळाच्या घटनेत ‘खोकं’ हा शब्द निषिद्ध होता. ‘पेटी’ म्हणायचं. मोठीआई खोकं म्हणायची, आणि मुद्दाम जोरात म्हणायची. मंडळाने एकदा सभासदांची पाहणी केली, तेव्हा असं आढळलं की जवळजवळ प्रत्येकाला बायकोने एकदा तरी ‘मी की खोकी’ असा प्रश्न विचारलेला आहे. उत्तर द्यायला सभासदांना सरासरी किती वेळ लागला, ते मंडळाने प्रसिद्ध केलं नाही.

अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. पेशंटला आ करायला लावून ते मधेच गप्प व्हायचे आणि छताकडे बघत राहायचे. पेशंटला वाटायचं, दात अवघड आहे. डॉक्टर सहाव्या बदकापाशी असायचे.

हे सगळं मोठीआईने चालवून घेतलं असतं. नवरा दारू पीत नाही, मुलगा पत्ते खेळत नाही, एवढ्या पुण्याईवर चार भिंती खोक्यांना द्यायला तिची ना नव्हती. पण अण्णा न्हाणीघरात पाय घसरून पडले.

अण्णा तिचे मालक. आयुष्यभर शिंपीकाम केलेलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांची पोटं किती सुटली, ते त्यांना टेपशिवाय सांगता यायचं. खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात नेलं, ऑपरेशन करून स्टीलचा सांधा बसवला. डॉक्टरांनी बजावलं, की आता यांना जिना चढायचा नाही, या जन्मात नाही. अण्णा-मोठीआईची खोली वर होती. तळमजल्यावर स्वयंपाकघर, बैठक आणि ती एक खोली, एवढंच होतं. म्हणजे हिशोब सरळ होता. मोठीआईने दवाखान्याच्या पायरीवरच थोरल्याला सांगितलं, की अण्णा घरी यायच्या आत खोकी वर ने.

थोरल्याने नकार दिला, आणि मग ती काय म्हणाली ते विचारलं.

तिने पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, वर गच्चीचं ऊन उतरतं, पुठ्ठा वाकतो. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा नरमला, निदान दुबार पेट्या तरी हलवतो म्हणाला. तेवढ्यावर मोठीआई समाधान मानून घरी आली आणि अण्णांच्या वस्तू एकेक करून खाली आणायला लागली. उशी आणली, चष्मा आणला, गरम टोपी आणली. माणूस बरा होत असला की त्याला हाताला चाळा लागतो, म्हणून त्यांच्या बटणांचा डबाही आणून खोलीतल्या फळीवर ठेवला. इथे ती फसली. तो डबा म्हणजे एक जुनं खोकंच होतं. फार वर्षांपूर्वी एका शिकारी गिऱ्हाइकाने दुकानात टाकून दिलेलं.

थोरला संध्याकाळी ऑफिसातून आला, फळीपाशी थबकला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की सुनेला वाटलं दवाखान्यातून वाईट निरोप आला. त्याने बटणं परातीत ओतली. खोकं वेगळ्या झाकणाचं होतं, पण ते झाकण मागच्या बाजूने कागदाच्या पट्टीने पाठीला चिकटवलेलं होतं. म्हणजे सुटं झाकण आणि जोडलेलं झाकण या दोन युगांच्या बरोबर मधलं. अशी पेटी जगात कुणी पाहिलेली नव्हती. असली पाहिजे, एवढं मात्र मंडळाने तर्काने फार पूर्वीच सिद्ध केलं होतं.

अध्यक्ष त्याच दिवशी आले. भिंगातून बघितलं, नाकाने हुंगलं, आणि खुर्चीवर बसून पुन्हा भिंगातून बघितलं.

मोठीआईने त्यांना सांगितलं, की ती पट्टी मी लावलेली आहे. झाकण सारखं हरवायचं, बटणं सांडायची, म्हणून पिठाची खळ केली आणि कागद चिकटवला. थोरला तेव्हा रांगत होता, त्याने एक बटण नाकात घातलं होतं, त्याच आठवड्यात.

अध्यक्ष तिच्याशी फार मायेने बोलले. दात काढण्यापूर्वी बोलतात तसे. त्यांनी समजावलं, की पुराव्याच्या श्रेणी असतात. पहिली श्रेणी स्वतः पेटी. दुसरी श्रेणी दुसरी पेटी. तिसरी श्रेणी सभासदाचं मत. चौथी श्रेणी घरच्या माणसांच्या आठवणी. ‘आणि मीच ते केलं असं सांगणारं माणूस, मोठीआई, कुठल्याच श्रेणीत बसत नाही. त्याचा हितसंबंध असतो ना.’

अशा रीतीने ‘पट्टीबंद आवृत्ती’ अस्तित्वात आली. कंपनीकडे त्या काळात सरसाची टंचाई होती आणि तिने पिठाच्या खळीवर भागवलं, असा निष्कर्ष निघाला. आणि मंडळाच्या घटनेप्रमाणे अशी पेटी जिथे सापडते तिथली हवा वर्षभर हलवायची नाही, म्हणून खोली रिकामी करायचं राहिलं. उशी, चष्मा आणि टोपी थोरल्याने स्वतः वर नेऊन ठेवली. कर्तव्याला तो कधी चुकला नाही.

अण्णांचं काय, असं मोठीआईने विचारलं. त्याने नकाशाच काढून ठेवला होता. जिन्याखाली खाट बसत होती. पुढे पडदा. उजेड जिन्याच्या फटींतून आपोआप.

‘तिथे आपण झाडू ठेवतो,’ मोठीआई म्हणाली.

‘झाडूची पर्यायी व्यवस्था केली आहे,’ थोरला म्हणाला.

मोठीआईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग मस्तकात गेली की ती ओरडायची नाही. कणीक मळायला घ्यायची. कणीक मळता मळता तिला युक्ती सुचली. ज्या गोष्टीची एकच प्रत असते तिच्यापुढे लोक डोळे मिटतात. तीच गोष्ट ढिगाने असली की बसायला घेतात. थोरला ऑफिसात गेला, की ती खोलीतल्या दुबार खोक्यांतून दोनचार उचलायची, पिठाची खळ शिजवायची, आणि मिळेल त्या कागदाची पट्टी लावून परत ढिगात खुपसायची. सून दारात उभी राहून रस्त्याकडे लक्ष ठेवायची. तिला त्यात धर्म-अधर्म काही वाटला नाही. तिलाही त्या खोलीत मोकळेपणाने शिंकायचं होतं.

इथे मोठीआईचं शिक्षण कमी पडलं. विद्वानाला एक खोटी वस्तू दिली तर तो एक सिद्धांत करतो. ढीगभर दिल्या तर शास्त्र करतो. मंडळाने त्या खोक्यांवरून पूर्व-खळ, मध्य-खळ आणि उत्तर-खळ असे तीन कालखंड पाडले. (खळ एके दिवशी पातळ झाली होती, एके दिवशी करपली होती.) एक पट्टी साखरेच्या पुडीची होती, तिला मुंग्या लागल्या. कंपनी खळीत गोडवा घालत असे, हे मुंग्यांच्या साक्षीने शाबीत झालं. मुंग्यांना तिसरी श्रेणी मिळाली. एक झाकण मोठीआईने रागाच्या भरात चारी बाजूंनी चिकटवून टाकलं होतं. ती पेटी सगळ्यांत मौल्यवान ठरली, कारण ती उघडताच येईना. ती हलवून बघावी की नाही, यावर मंडळाची सभा झाली आणि न हलवता सुटली.

शेवटी खोलीच्या दारावर पितळी पाटी आली : संदर्भ कक्ष. मोठीआईने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पिठाने, नवऱ्याची खोली घालवली होती. त्या दिवशीच्या पोळ्या कुणाला तोडता आल्या नाहीत.

आणि दवाखान्याने अण्णांना सोडलं. सोडलं त्याच सकाळी संदर्भ कक्षात मंडळाची वार्षिक सभा होती. थोरल्याने दवाखान्याला तारीख पुढे ढकलण्याची विनंती केली होती. पण तिथला नकार देणारा विभाग त्याच्याहून जुना निघाला.

दोन वॉर्डबॉय अण्णांना चाकाच्या खुर्चीतून बैठकीत घेऊन आले. जिन्याखाली खाट मांडलेली होती. वॉर्डबॉयने वाकून बघितलं आणि विचारलं, इथे पेशंट ठेवायचा की पेटारा? मोठीआईने खुर्चीची मूठ त्याच्या हातातून घेतली आणि ती सरळ संदर्भ कक्षाच्या दारापाशी नेली. आत सभासद मोजे घालून बसले होते. (बुटांना मनाई होती.) अध्यक्ष उठून उंबऱ्याशी आले. म्हणाले, मोठीआई, माफ करा, पण सभा चालू असताना नोंद नसलेली वस्तू आत घेता येत नाही. तसं कलम आहे.

‘मग करा नोंद,’ मोठीआई म्हणाली.

दुसरी एखादी संस्था असती तर इथे ओशाळली असती. पण नियमाने चालणाऱ्या माणसांचं एक बरं असतं, त्यांना रस्ता नियमातून दाखवला की ते कुठेही येतात. अध्यक्षांनी कलम आठवून बघितलं. वस्तू कशाची असावी, हे त्यात कुठेच नव्हतं. त्यांनी भिंग काढलं. सभासद पुढे सरकले. एक जण म्हणाला, कोपरे झिजलेत. दुसरा म्हणाला, रंग उतरलाय पण एकसारखा उतरलाय, त्याचे गुण कापू नयेत. खुब्याचा सांधा मूळचा नाही हे कळल्यावर थोडी कुजबुज झाली, ‘दुरुस्त’ म्हणायचं की ‘सुधारित’. अण्णा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. दवाखान्यात इतके दिवस छताकडे बघून कंटाळलेला माणूस, त्याला करमणूक हवीच होती.

‘लेबल मागे आहे,’ ते म्हणाले. ‘उलटं करून बघू नका मात्र.’

मंडळी हसली. थोरलाही हसला. आता फक्त उत्पादनातले बदल नोंदवायचे राहिले होते, आणि ते नियमाप्रमाणे जवळच्या जाणकाराने सांगायचे होते. जवळचा जाणकार थोरलाच. अध्यक्षांनी त्याच्याकडे वळून कौतुकाने सुरुवात केली. पेटीच्या लालीवरून महिना सांगणारा माणूस, त्याला बापाचं अवघड काय?

पाठीला बाक कधीपासून? थोरला म्हणाला, बाक तसा आहेच. कधीपासून? मध्यंतरी. अध्यक्ष म्हणाले, ‘मध्यंतरी’ हा कालखंड मंडळ मानत नाही. बरं, उजव्या हाताला कंप दिसतो, तो आधी आला की दुकान आधी बंद केलं? थोरल्याने अण्णांच्या हाताकडे बघितलं. कंप त्याला आत्ताच दिसत होता. चष्म्याच्या किती आवृत्त्या झाल्या? चहातली साखर कधी बंद झाली? थोरल्याला वाटत होतं, साखर चालू आहे. शेवटी अध्यक्षांनी सोपा प्रश्न घातला, नापास होणाऱ्या पोराला घालतात तसा : ऐकू कुठल्या कानाने कमी येतं?

थोरल्याने अण्णांच्या एका कानाकडे बघितलं, मग दुसऱ्या. दोन्ही कान दिसायला सारखेच होते. छपाईत काही फरक नव्हता.

सभासदांत पुन्हा हसू फुटणार होतं. मोठीआईने एकेकाकडे नुसतं बघितलं. ज्याच्याकडे बघितलं तो आपल्या मोज्यांकडे बघायला लागला. कुणाची आई त्याच्या घरी वरच्या मजल्यावर झोपलेली होती, कुणाचे वडील गावाला ‘मजेत’ होते. अण्णांची कवळी खुद्द अध्यक्षांनी बसवलेली, पण साल त्यांनाही आठवेना. त्यांनी भिंग खिशात घातलं. (वाचकाने या जागी थोडं थांबायला हरकत नाही. मंडळाला तो इतका वेळ हसत आला आहे, तेव्हा त्याच्या घरातलं सगळ्यांत जुनं माणूस कुठल्या कानाने कमी ऐकतं, हे त्याला माहीत असणारच. मनातल्या मनात सांगावं. तपासायला कुणी येणार नाही.)

थोरला म्हणाला, ‘आई, तसं नाही, मी सांगतो, जरा आठवू दे.’

मोठीआईने खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्यावर उचलली.

‘बाळा, तुझी पारख मोठी, मला कबूल आहे,’ ती म्हणाली. ‘रिकामं झालेलं काहीही असू दे, तू ते वर्षासकट ओळखशील. पण म्हणजे बापाला ओळखायला तुला तो जायची वाट बघावी लागणार, आणि तेवढा वेळ मला नाही. दार धर.’